दोन चॅनेल

शाहूपुरीतल्या दुकानदारानं आधी विचारलं, कुठलं मंडळ?
मी म्हटलं, मंडळ नाही. घरी.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पिशवीतल्या कोथिंबिरीकडं,
घरात कोण नाचणार ताई?

काचेवर त्यानं चार चॅनेलचं धूड ठेवलं,
खंडेनवमीला पुजलेल्या ट्रकासारखं, सगळीकडून लुकलुकणारं.
लक्ष्मीपुरीत मी पेंडीची बिलं लिहिते,
आकडा कानावर पडला की त्याची आपोआप पोती होतात.
हे चाळीस पोती होतं.
मी कोथिंबीर उचलली.

गंगावेशीत इरफान मुजावर अँप्लिफायर दुरुस्त करतो.
सोल्डरच्या धुरातून, मान वर न करता म्हणाला,
हात किती हायत तुला?
दोन.
मग दोनच चॅनेल घे.
साउंडकार्ड आतच असलेलं बघ,
न्हाईतर कानात एक गाणं आन् भाईर दुसरं
असं ऐकाय मिळत न्हाई,
आन् शिकायचं तेवढंच असतंय बघ, बाकी सगळी लाइटिंग.
स्पीकरात पैसा घालू नको, हेडफोनात घाल.
चाकं फिरवून बघ. खरखरली तर तिथंच ठेवून ये.

कदमवाडीतला पोरगा पोलीस भरतीत लागला होता,
त्याचं जुनं मिळालं, सहा पोती आणि थोडी सांडलवण.
चाकं गुळगुळीत. डावीकडचं एक बटण जरा रुसकं.
फटींत गुलाल.
टूथब्रशनं तासभर काढला,
तरी स्लायडर सरकवला की आतून अजून येतोच,
कुठल्या वर्षीची मिरवणूक आहे कुणास ठाऊक.

लॅपटॉप भाऊजींचा, बिजागरी तुटलेला,
पाठीमागं पितळी डबा लावला की उभा राहतो.
त्यांच्या वास्तुशांतीचे नऊशे फोटो पेनड्राइव्हवर हलवले
तेव्हा कुठं त्याला श्वास आला.

एक बटण आहे सिंक नावाचं,
दाबलं की दोन्ही गाणी आपसूक जुळतात.
त्यावर मी टिकली चिकटवली.
म्हणजे अडलं तरी बोट जायला नको.

आणि रोज अडतंच.
एक गाणं दुसऱ्याच्या टाचेवर पाय देतं,
दोन्ही धडपडतात,
मी चाक ढकलते, जास्तच ढकलते, परत ओढते.
अकरा वाजून जातात.

हा आवाज मला कुठून माहीत आहे
ते चौथ्या रात्री कळलं.
इचलकरंजीत आमच्या भिंतीपलीकडं दोन माग होते,
खटाक्-खट, खटाक्-खट,
एक दुसऱ्याला गाठायचा, क्षणभर दोन्ही मिळून एकच व्हायचे,
मग पुन्हा सुटायचे.
त्या एकच होण्याची वाट बघत मी झोपायचे.
बहुतेक वेळा ते व्हायच्या आधीच झोप लागायची.

आईनं तिथं सव्वीस वर्षं कांड्या भरल्या.
डाव्या कानानं तिला आता कुकरची शिट्टीही येत नाही.
पाणी प्यायला उठली, उभी राहिली,
काय लावलंयस हे?
मी हेडफोनची एक बाजू तिच्या उजव्या कानाशी धरली.
तिनं न सांगता
दुसरा तळवा स्पीकरशेजारी टेबलावर टेकवला,
जसा पूर्वी फरशीवर टेकवायची, जॉबरला हाक मारायच्या आधी.

डोळे मिटले.
हातातला बरा चाललाय, म्हणाली,
कानातला पळतोय.
मी स्लायडर केसभर खाली घेतला.
अजून.
अजून केसभर.
हां. आता सोड, हात लावू नको.

चार ठेके, आठ, कदाचित बारा.
मग सुटलंच.

तिनं हेडफोन माझ्या हातात दिला,
गुलाल लागलेलं बोट पदराला पुसलं,
आणि विचारलं,
ह्या बटणाला टिकली कशाला गं लावलीयस?